कालिरोईबाईंनी न प्यायलेलं तेल

मे महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेदहा वाजता, ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या ड्रिमोनास गावच्या चौकात एक्याण्णव वर्षांच्या कालिरोईबाई कॅमेऱ्यासमोर पेलाभर ऑलिव्ह तेल एका दमात प्यायल्या. पेल्यात तेल नव्हतं. गार केलेला डोंगरी पाल्याचा चहा होता, त्यात थोडा मध.

चौकात उभ्या असलेल्या प्रत्येक गावकऱ्याला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त अथेन्सहून आलेल्या चित्रीकरणवाल्यांना, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला होता त्या उत्तर युरोपातल्या दुकानसाखळीला. बाईंनी पेला खाली ठेवला, गावाने टाळ्या वाजवल्या. क्रीटमध्ये खोटेपणाला एवढ्या मनापासून टाळ्या पडतात त्या एरवी निवडणुकीतच.

जाहिरातीचं वाक्य होतं, ‘रोजच्या ताटात आणखी तेल, आयुष्यात आणखी वर्षं.’ ते तेल उत्पादक संघाचा अध्यक्ष सिफिस याच्या डोक्यातून निघालं होतं. सिफिसच्या डोक्यातून काही निघालं की तो मिशीवरून हात फिरवतो आणि समोरचा दाद देईपर्यंत थांबतो. दाद मिळते, कारण समोरच्याचं तेल संघाच्याच टाकीत पडून असतं.

चित्रीकरणाच्या आधी दुकानसाखळीने एक आहारतज्ज्ञ बाई पाठवल्या होत्या. संघाच्या हॉलमध्ये त्यांनी गावाला समजावून सांगितलं की रोजच्या जेवणात आणखी दोन चमचे तेल घालावं. सकाळच्या दह्यात घालावं, उकडलेल्या अंड्यावर घालावं, सुरुवात हळूहळू करावी म्हणजे जिभेला सवय होते. ज्या लोकांना बारशाच्या वेळी आधी तेल चोळतात आणि मग पाण्यात बुडवतात, त्यांना या बाई तेलाची सवय लावायला आल्या होत्या.

“बाई,” कॉफीवाला कोस्मास मागून म्हणाला, “आमच्याकडे भाजीत तेल घालत नाहीत, तेलात भाजी घालतात. आता आणखी कुठं ओतू? बुटात?”

हॉल हसला. बाईंनी ‘स्थानिक विनोदबुद्धी’ असं काहीतरी टिपून घेतलं. सगळ्यात मोठ्याने कोस्मासच हसत होता. पर्यटकांचे बटाटे तो सूर्यफुलाच्या तेलात तळतो, आणि तेही आठवडाभर तेच.

जाहिरातीला म्हातारा चेहरा हवा होता. गावात कालिरोईबाईंहून वयाने मोठं कुणी नाही. दात स्वतःचे, पाठ ताठ, चष्मा फक्त सुई ओवायला. दिग्दर्शिकेने त्यांना चर्चच्या पायऱ्या उतरताना पाहिलं आणि ती सिफिसला म्हणाली, “ह्याच हव्यात. तेलाचा चमत्कार म्हणतात तो हाच!”

सिफिसने मान डोलावली. तो त्यांचा जावई आहे. सासूबाईंनी अकरा वर्षांत तेलाचा थेंब तोंडाला लावलेला नाही, हे त्याला इतर कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं, कारण त्याचं कारण तोच होता.

सासरे शेवटच्या आजारपणात होते, त्यांचा मुलगा मिल्तोस बोटीवर खलाशी होता. तेवढ्या दिवसांत खालच्या उतारावरची ऑलिव्हची जुनी झाडं सिफिसच्या नावावर झाली. मिल्तोस परतला तो बापाला माती द्यायला. दफनानंतरच्या जेवणात त्याने हातातलं ताट भिंतीवर फेकलं आणि म्हणाला, या गावचं तेल मला नको, गावही नको. तो अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरात गेला आणि तिथे त्याने टायरचं दुकान टाकलं. रात्रीच्या बोटीत बसलं तर सकाळी इथे उतरता येतं. तो एकदाही उतरला नाही. कालिरोईबाईंनी मरियममातेच्या तसबिरीपुढे नवस बोलला, मिल्तोस उंबरा ओलांडून आत येईपर्यंत तेल खाणार नाही. तेव्हापासून त्या रानभाज्या नुसत्या उकडून लिंबू पिळून खातात, डाळीत तिळाचं वाटण घालतात. वर्षातून एकदा, मिल्तोसच्या नावदिनी, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या दिवशी, त्या समोरच्या ताटात तेलातल्या शेंगा वाढून ठेवतात आणि संध्याकाळी शेजारणीला देऊन टाकतात.

म्हणजे तेलाच्या गावातली सगळ्यात दीर्घायुषी बाई बिनतेलाची होती. दुसऱ्या कुठल्या गावाने या बाईला सोडून कुणालाही उभं केलं असतं. ड्रिमोनासने तिलाच केलं, कारण कॅमेऱ्यात तिचा चेहरा छान येत होता, आणि बाकीचं पुढचं पुढे बघता येईल असं इथे नेहमीच वाटतं.

सिफिस सासूबाईंकडे गेला तो धर्मगुरू पापा-अनेस्तिसना घेऊनच. सोबत त्याची बायको, म्हणजे बाईंची मुलगी एर्गिना होती.

“आई, एक घोट. फक्त एक.”

“जावईबापू, ह्यांच्या हातात पेन दिलंत तेव्हाही ‘फक्त एक सही’च म्हणाला होतात.”

सिफिसने धर्मगुरूंकडे पाहिलं. पापा-अनेस्तिस खाकरले. “मावशी, नवसातून मोकळं करण्याचा अधिकार चर्चला आहे.”

“नवस तुम्हाला बोलले होते का, फादर?”

“नाही, मरियममातेला. पण तिच्या वतीने मी...”

“मग तिला विचारून या. मी बसते इथे. मला कुठं जायचंय?”

धर्मगुरू विचारायला गेले नाहीत. त्यांनी खिडकीतून बाहेर कोंबड्या बघितल्या.

चहाची कल्पना एर्गिनाची. “आई, पेल्यात चहा असेल तर?” ती म्हणाली. “रंग तसाच दिसतो. तुझं काहीच मोडत नाही.”

कालिरोईबाईंनी विचारलं, ही जाहिरात कुठे दिसणार? सिफिस म्हणाला, तिकडे उत्तरेत, परदेशात, इथे कोण बघतंय. बाई म्हणाल्या, “ठीक. मग एक काम करायचं. मिल्तोसला फोन करायचा. एर्गिनानं नाही, तुम्ही. ‘ये’ म्हणायचं. झाडांचं काय ते समोरासमोर बसून बोलू म्हणायचं.”

“आजच करतो, आई. मिशीची शपथ.”

मिशीची शपथ आमच्याकडे हलकी समजत नाहीत. सिफिसने ती हलकी केली.

मंगळवारचं चित्रीकरण झकास झालं. दिग्दर्शिकेने पेला उन्हात धरायला लावला. पेल्यातलं सोनं चमकलं. मंडळी खूश होऊन परत गेली. तीन आठवडे काही झालं नाही. मग उत्तरेकडच्यांना जाहिरात इतकी आवडली की त्यांनी ती आमच्या देशातल्या वाहिनीलाही दिली. बुधवारी आठच्या बातम्यांनंतर ती देशभर दिसली.

गुरुवारी सकाळी शेजारच्या कातोमेरी गावाने पहिला दगड मारला. तेलात वाढलेल्या माणसांना आपण काय दाखवतोय याचा विचार ड्रिमोनासमध्ये एकाही माणसाने केला नव्हता. तेल काचेला धरतं; पेला रिकामा झाला तरी आतून ओघळ राहतात. बाईंच्या पेल्याची काच धुतल्यासारखी स्वच्छ होती. आमचं तेल हिरवट असतं, हे सोनेरी. आणि आमचं तेल घशाला लागतं. पेलाभर तर सोडाच, चमचाभर घेतलं तरी माणूस खोकतो. बाई खोकल्या नव्हत्या. कातोमेरीच्या शाळेतल्या पोरांनीसुद्धा हे ओळखलं. दुपारपर्यंत ती जाहिरात नव्या वाक्यासह सगळ्यांच्या फोनवर फिरत होती: ‘ड्रिमोनासचं तेल. पाण्यासारखं उतरतं.’

कोस्मासच्या दुकानात संघाची तातडीची बैठक भरली.

“सरळ सांगून टाका ना, चहा होता म्हणून,” कुणीतरी म्हणालं.

“आणि म्हातारी तेलच खात नाही, हेही सांगू?” सिफिस ओरडला. “मग ‘आणखी तेल, आणखी वर्षं’चं काय?”

“मग सांगू नका. लोक म्हणतील तेलात भेसळ आहे.”

“म्हणतील काय? म्हणतायतच,” कोस्मास म्हणाला. भेसळीवर बोलायला त्याच्याइतका लायक माणूस गावात नव्हता, पण त्या दिवशी हे कुणी बोलून दाखवलं नाही.

दुकानसाखळीने फोनवर एवढंच कळवलं की रविवारी त्यांचा माणूस येतोय, सोबत चव पारखणारे दोघे. त्याच चौकात, त्याच बाईंनी, त्यांच्यादेखत सील तोडलेल्या बाटलीतलं तेल प्यावं. एवढं झालं की सगळी चर्चा बंद.

त्या संध्याकाळी कालिरोईबाईंच्या घरी रीघ लागली. अकरा वर्षं ज्या बायकांनी ‘बाईचा नवस’ म्हणून अदबीने आवाज खाली केला होता, त्यांना एकाएकी नवस ही म्हातारपणाची खोड वाटू लागली. एकीने सांगितलं की नवस एका लहान घोटाने मोडला तर पाप लहान लागतं. दुसरीने सांगितलं की औषध म्हणून घेतलेलं तेल मोजत नाहीत. बाईंनी प्रत्येकीला कॉफी दिली आणि शेवटी म्हणाल्या, “जावईबापूंना पाठवा.”

शुक्रवारी सकाळी सिफिस आला. बाई शेंगा निवडत होत्या. एर्गिना ओट्याशी उभी होती.

“फोन केलात?”

“केला की, आई. चार वेळा केला. उचलतच नाही.”

एर्गिना वळली. “कुठल्या नंबरवर?”

“त्याच्या.”

“त्यानं नंबर बदलून दोन वर्षं झाली, सिफिस. नवा फक्त माझ्याकडे आहे.”

सिफिसने मिशीला हात लावला आणि लगेच काढला. कालिरोईबाईंनी एक शेंग मोडली. “आता करा. इथंच. मला ऐकू येईल असा.”

एर्गिनाने नंबर लावून फोन टेबलावर, शेंगांच्या ताटाशेजारी ठेवला. मागे हवेच्या पंपाचा आवाज, मग मिल्तोसचा.

“बोल, एर्गिना.”

“मी सिफिस.”

पंपाचा आवाज बंद झाला. “काय पाहिजे?”

“मिल्तोस, तू... ये म्हणतो मी. घरी. आई बोलावतेय. झाडांचं आपण समोर बसून...”

“आई बोलावतेय?” मिल्तोस हसला, पण त्यात हसू नव्हतं. “परवा बघितलं तिला. टीव्हीवर. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला अभिमानानं म्हणालो, ही माझी आई. आणि तिनं पेला उचलला. पेलाभर, सिफिस! डोळाही मिटला नाही.”

“अरे, ते...”

“बरं केलं तिनं. किती वर्षं धरून बसायचं माणसानं. तिला सांग मी चिडलेलो नाही. इतकी वर्षं रोज वाटायचं, ती तिथे माझ्यापायी कोरडं खातेय, एक दिवस जाऊन थांबवलं पाहिजे. आता नको. तिनं सोडलं, मीही सोडलं.”

“मिल्तोस!” कालिरोईबाई म्हणाल्या. तोपर्यंत फोन बंद झाला होता. पुन्हा लावला तर लागला नाही.

कातोमेरीच्या पोरांना काच दिसली होती. या घरात जन्मलेल्या, या घरच्या डब्यांत हात घालून वाढलेल्या माणसाला ती दिसली नाही. एर्गिना रडत होती. बाई रडल्या नाहीत. त्यांनी निवडलेल्या शेंगा आणि सालं पुन्हा एकत्र केली आणि ताट लांब सरकवलं.

अशा वेळी गप्प बसावं हे कळत नसेल तरच गावात संघाचा अध्यक्ष होता येतं. सिफिस पुढे वाकला आणि हळू आवाजात, खरोखर आपुलकीने म्हणाला, “आई, एका अर्थी बरंच झालं. आता नवस तर संपलाच. मग रविवारी खरं प्यायला हरकत काय?”

एर्गिनाने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. लग्नाला तीस वर्षं झाली, हे पहिल्यांदाच घडलं. शेजारणीने भिंतीवरून पाहिलं, त्यामुळे दुपारपर्यंत गावालाही कळलं.

पापा-अनेस्तिसना संध्याकाळी काही जणांनी विचारलं, मुलगाच येणार नाही म्हणाला तर नवस राहतो का? त्यांनी सांगितलं की प्रश्न गहन आहे, बिशपना विचारावं लागेल, आणि बिशप सोमवारपर्यंत दौऱ्यावर आहेत.

शनिवारी चौकात टेबलं मांडली गेली. कोस्मासने पहिल्यांदाच आठवडा व्हायच्या आत कढईतलं तेल बदललं; पाहुणे बटाटे मागतील अशी त्याला भीती आहे. सील केलेली बाटली सिफिसने स्वतः नेऊन सासूबाईंच्या ओट्यावर ठेवली. त्यांनी ती घेतली नाही आणि परतही केली नाही. उद्या काय करणार, हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही. एर्गिनालाही नाही.

एर्गिनाने शुक्रवारीच भावाला निरोप पाठवला होता: ‘तो चहा होता. तिनं काहीही मोडलेलं नाही. काच नीट बघ.’ शनिवारी संध्याकाळी सहाला त्या निरोपाखालच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या. हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही.