ठकूचं उत्तर

पाहुणे यायचे म्हटलं की त्या घरात आधी मागच्या खोलीचं दार लावलं जायचं. आत नऊ वर्षांची ठकू असायची. जन्मापासून तिच्या स्नायूंत जोर नव्हता. नळीतून अन्न, यंत्रातून श्वास, बोलणं नाहीच. हलायचे ते फक्त डोळे. थोरलीचं लग्न जमवायचं होतं आणि अशी बहीण दिसली तर सोयरीक मोडेल, अशी सगळ्यांना धास्ती. वडील तसबिरींना काचा बसवण्याचं काम करत. ते म्हणत, "तिला काय कळतंय? आत काय नि बाहेर काय, सारखंच."

एका सकाळी दवाखान्यातल्या मानसतज्ज्ञ बाई घरी आल्या. त्यांनी ठकूसमोर एक पडदा उभा केला. खालचा कॅमेरा तिची नजर टिपायचा आणि ती जिथे पाहील तिथे लाल ठिपका उमटायचा.

"चप्पल कुठे आहे, ठकू?"

चार चित्रांतून ठिपका चपलेवर जाऊन थांबला.

"योगायोग असेल," वडील म्हणाले.

बाई प्रश्न अवघड करत गेल्या. यातलं विसंगत काय? या मुलाला आता काय वाटत असेल? ठिपका क्वचितच चुकला. चष्मा लावलेल्या म्हशीवर तर तो उगाच रेंगाळला आणि ठकूचे डोळे हसले.

"तिच्या वयाच्या मुलांना कळतं तेवढं हिला कळतं," बाई म्हणाल्या.

"म्हणजे... सगळंच?" वडिलांनी विचारलं.

"हो. तुम्ही घरात बोलता तेसुद्धा."

वडील उठून बाहेर गेले. आईला मात्र गेल्या महिन्यातली दुपार आठवली. याच खाटेशी बसून नणंद म्हणाली होती, "वहिनी, ही सुटली तर तुम्हीही सुटाल." आणि आई म्हणाली होती, "माझ्याही मनात तेच येतं हो."

"मला तिला एक विचारायचंय," आई म्हणाली.

पडद्याचं ते यंत्र दुपारी दुसऱ्या मुलाकडे न्यायचं होतं. तरी बाईंनी पडद्यावर एका बाजूला 'हो'चं हिरवं चित्र लावलं, दुसऱ्या बाजूला 'नाही'चं लाल, आणि ठकूला ते समजावलं.

आई ठकूजवळ वाकली. "त्या दिवशी आत्या आणि मी बोलत होतो ना... तेव्हा तू झोपली होतीस ना गं?"

ठकूची नजर पडद्यावरून निघाली आणि आईच्या चेहऱ्यावर बराच वेळ राहिली. मग ती हिरव्या चित्राकडे गेली आणि तिथेच थांबली.

"झोपले होते म्हणतेय," बाई हलकेच म्हणाल्या.

आई खाली बसली. त्या दुपारी ठकूच्या उघड्या डोळ्यांतलं पाणी तिनेच पदराने टिपलं होतं. डोळे आले असतील, असं तिला वाटलं होतं.

"ती खोटं बोलतेय, बाई," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून."