तिसरं नोझल

दवाखान्याच्या फाटकातून गाडी बाहेर पडली, दोनदा हुचकली आणि तिसऱ्या हुचकीला भर रस्त्यात बसली. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढीचना. वर्षाराणीनं किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, ढीगभर धूर ओकलं आणि परत गप्प.

"झालं," मागच्या सीटवरून आकाराम म्हणाले.

एवढंच म्हणाले. पण सासऱ्यांच्या या 'झालं'चा अर्थ वर्षाराणीला पक्का ठाऊक होता.

आकारामांच्या दोन्ही किडन्या गेल्याला वर्ष होत आलं होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार कोडोलीहून कोल्हापूरला यायचं, चार तास डायलिसिसच्या मशीनला पडून राहायचं आणि पिळलेल्या धुण्यासारखं होऊन परत जायचं. एसटीची पायरी त्यांना चढवत नव्हती. मुलगा सम्राट कागलच्या एमआयडीसीत शिफ्टला. मग घरची पंधरा वर्षांची डिझेल गाडी सुनेनं शिकून घेतली, आणि शिकली तीच चूक झाली म्हणायची. गाडी तिच्या गळ्यात पडली ती पडलीच. पहाटे चारला उठून भाकऱ्या, म्हशीची धार, पोरीचा डबा, आणि मग हायवे. गावात बाया म्हणायच्या, "आकारामांची सून लई धाडसाची हाय बाई." म्हणायला काय जातंय लोकांचं! एक दिवस या म्हणावं स्टेअरिंगला.

त्यात गेल्या चार महिन्यांपासून गाडी मिसिंग मारत होती, चालता चालता अडखळत होती. एकदा टोप गावाजवळ बंद पडली, दवाखान्यातली पाळी चुकली, आणि दोन रात्री म्हाताऱ्याला आडवं पडता आलं नाही, असा श्वास लागला. मागच्या आठवड्यात शिरोलीला भर उन्हात तासभर ढकलाढकली. त्या दिवशी आकारामांनी घरी येऊन जोत्यावर बसून सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं, "आता आणि एकदा ही वाटंत बसली की मी परत जायाचा न्हाय. मला घरात मरू दे. ह्या पोरीचीबी सुटका हुईल." न जाणं म्हणजे काय, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आठ दिवस, फार तर दहा. आणि आकाराम बोलले की बोलले; उभ्या आयुष्यात त्यांनी शब्द मागं घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

आज गाडी बसली.

याहून वाईट गोष्ट वर्षाराणीच्या मनात घडली होती, ती कुणाला दिसली नाही. ते 'झालं' ऐकल्यावर अर्धा क्षण तिचं अंग हलकं झालं. शुक्रवारी यायला नको. असा विचार आला म्हणून तिला स्वतःची किळस आली, पण आला तो आलाच, त्याला ती तरी काय करणार?

दोघा रिक्षावाल्यांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली. "उद्यमनगरात केरबा मेस्त्रीकडं न्या वैनी, जुन्या डिझेलचा त्योच एक ऱ्हायलाय," असं सांगितलं. गाडी बैलगाडीच्या वेगानं, धूर सोडत, गचके खात तिथवर गेली.

केरबा मेस्त्री साठीचा, पाठीत वाकलेला, चष्मा दोरीनं डोक्याला बांधलेला. दारात कुठल्यातरी मोडक्या गाडीची सीट बाकड्यासारखी टाकली होती, तिच्यावर त्यानं आधी आकारामांना बसवलं, पाणी दिलं. आकारामांनी एकच घोट घेतला. पाण्याचंही माप होतं त्यांना. मग मेस्त्री बॉनेटकडं न जाता सायलेन्सरमागं गेला आणि धूर हुंगून आला.

"काय पावणं, कुणी कुणी हात घातलाय हिच्यात?"

"एकानं नोझल बदलली, दुसऱ्यानं डिझेल पंप उतरवला," वर्षाराणी म्हणाली. "तिसरा म्हणाला, विकून टाका. दर वेळी महिनाभर बरी चालते, मग परत तेच."

"म्हंजे रोग रेड्याला आन् इंजेक्शन पखालीला!" मेस्त्री खेकसला. "आधी दुखतंय कुठं त्ये तरी बघायचं की! कान द्या आता."

चार सिलिंडर, चार नोझल, प्रत्येकाला डिझेलची एक बारकी नळी. मेस्त्रीनं चालू इंजिनावर फडकं धरून पहिल्या नळीचा नट पान्यानं सैल केला. त्या नोझलचं डिझेल तुटलं, तसा इंजिनचा आवाज लगेच बसला. नट आवळला, आवाज वर आला. दुसऱ्याचंही तसंच. तिसरा सैल केला आणि काहीच झालं नाही. होतं तसंच इंजिन धडधडत राहिलं. चौथ्याला परत आवाज बसला.

"तीन नंबर," मेस्त्री म्हणाला. "ह्ये असून नसून सारखंच."

सीटवर डोळे मिटून बसलेले आकाराम बोलले, "म्हंजे ज्याला सोडवला तरी गाड्याला फरक पडत न्हाय, त्यो गेलेला. कळलं की. आमच्या घरात तीन नंबर मीच."

"मामा, काय बोलताय?" वर्षाराणी म्हणाली, पण तिच्या आवाजात जोरच नव्हता. बारा तास ती उभी होती.

"गेलेला कोण म्हणालं?" मेस्त्री पाना पुसत म्हणाला. "चोंदलाय त्यो. गेलेल्यात आन् चोंदलेल्यात लई फरक हाय, पावणं."

इंजिन बंद करून त्यानं ते नोझल काढलं, टेबलावरच्या हातपंपाला लावलं आणि दांडा दाबला. "धुकं पडाया पायजे धुकं. ह्ये बघा, नुसतं मुततंय." खरंच, तोटीच्या टोकातून थेंब थेंब ओघळत होतं. मग त्यानं फिल्टर खोलला आणि त्यातलं डिझेल एका डब्यात ओतलं. तळाला बोटभर गाळ बसला. तांबूस, चिकट गाळ.

मेस्त्रीनं डबा उन्हात धरून हलवला. त्याचा चेहरा बदलला.

"हा पंपावरचा कचरा न्हवं. ही कुणीतरी टाकीत घातल्याली वस्तू हाय. एकदा न्हाय, रोज घातल्यागत." त्यानं वर्षाराणीकडं बघितलं. "टाकीच्या झाकणाला कुलूप हाय न्हवं? किल्ली कुणाकडं असती?"

"माझ्याकडंच," ती म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय म्हणालो ते.  शेजारच्या शेडमधलं लेथ मशीन तेवढं कुरकुरत होतं. आकारामांनी डोळे उघडले होते आणि ते तिच्याकडं बघत होते. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते दमलेले होते.

"पोरी," ते हळू म्हणाले, "कंटाळलीस व्हय? कंटाळली असशील तर तोंडानं सांगायचं हुतंस. गाडी कशाला मोडायची?"

वर्षाराणीला वाटलं, कुणीतरी थोबाडीत मारली. ती मटकन खालीच बसली, त्या ऑइलच्या फरशीवर.

"मी न्हाय घातलं मामा. पोरीच्या गळ्याशप्पत." शिकलेली, जयसिंगपूरच्या कॉलेजची ती, एरवी आपलं मराठी सांभाळून बोलायची, आज सगळं सुटलं. "पर मला वाटलं हुतं. मगाशी गाडी बसली, तवा वाटलं, बरं झालं. शुक्रवारी यायला नको. मी लई दमलोय ओ मामा. लई दमलोय." आणि ती रडायला लागली. असं तसं नाही, वर्षाचं साठलेलं रडली.

मेस्त्री तोंड फिरवून पाने पुसत बसला, पुसलेलेच परत पुसत. 

"व्हय," आकाराम म्हणाले. "मलाबी बरं वाटलं हुतं की. दमलोय तर मीबी."

मेस्त्रीला हे ऐकवेना. तो उठला, "द्या ती किल्ली इकडं," म्हणाला आणि गाडीच्या मागच्या अंगाला गेला. झाकण उघडलं आणि डिझेल ओतायच्या नळीत बोट घालून आतून गोल फिरवलं. बाहेर काढलेलं बोट पेरापर्यंत गुलाबी झालं होतं, लखलखीत गुलाबी.

आणि काय गंमत सांगावी! बोट बघितल्या बघितल्या मेस्त्रीचा हात आपोआप वर गेला, ते बोट त्यानं कपाळाला टेकवलं आणि "चांगभलं" म्हणून मोकळा झाला. मग स्वतःच दचकला.

"आयला! गुलाल हाय ह्यो. जोतिबाचा!"

वर्षाराणीचं रडणं जागच्या जागी थांबलं. तिच्या डोळ्यांपुढं सासू उभी राहिली. दवाखान्याच्या दिवशी पहाटे तानाबाई न चुकता चुलीपाशी यायची आणि म्हणायची, "दे गं किल्ली, पाण्याची बाटली ठिवतो गाडीत." पाण्याचं माप असलेल्या माणसाला दर वेळी कसली बाटली? आणि परत येऊन ती भाकरी थापायला बसली की तिचा अंगठा गुलाबी असायचा. वर्षाराणीनं तो कितीदा तरी बघितला होता. देवपूजा करून आली असेल, एवढंच वाटलं होतं.

"आत्ती," ती पुटपुटली. "आत्ती घालतात, मामा. गाडी नीट पोचावी म्हणून."

आकारामांनी तो डबा मागून घेतला. त्यातल्या गाळाकडं ते बघत राहिले. दर खेपेला एक चिमूट, आठवड्याला तीन. एवढ्या चिमट्यांचा बोटभर थर. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग ते हसत असल्याचं बाकीच्यांना कळलं. हसता हसता खोकला आला, आणि खोकता खोकता डोळ्यांतून पाणी.

"खुळी," ते म्हणाले. "चाळीस वर्सं झाली, खुळी ती खुळीच. मी पोचावं म्हणून गाडी बंद पाडली की गं हिनं!"

मेस्त्रीनं टाकी उतरवून धुवायची, नोझल साफ करायची आणि गुरुवारी संध्याकाळी गाडी द्यायची असं कबूल केलं. सम्राट शिफ्ट सोडून मित्राची गाडी घेऊन आला, त्यातून तिघं घरी गेले. 

तानाबाई दारातच उभी होती. "काय झालतं ओ गाडीला?"

वर्षाराणीच्या तोंडावर उत्तर आलं होतं. चार महिने रस्त्यात खाल्लेले हॉर्न, धक्के, ऊन, सगळं एका वाक्यात त्या बाईच्या पदरात घालावं, असं तिला वाटलं. का घालू नये? पण रागवायचं तरी कुणावर, आणि कशाबद्दल?

"कचरा हुता," आकाराम मध्येच म्हणाले आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपले. शुक्रवारचं ते काहीच बोलले नाहीत. गुरुवारीही नाही. सम्राटनं एकदा विचारून बघितलं, तर "बघू" म्हणाले. गाडी आली, दारात लागली. त्यांनी उठून बघितलीसुद्धा नाही. दिवसभर त्यांचे पाय सुजत गेले.

शुक्रवारी पहाटे वर्षाराणी चारलाच उठली. जायचं आहे की नाही हे ठाऊक नसताना भाकऱ्या केल्या, धार काढली. किल्ली कमरेला खोचलेली. तानाबाई हळूच चुलीपाशी आली. मूठ पदराखाली.

"दे गं किल्ली. बाटली ठिवतो."

वर्षाराणीचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. देता येईना, नको म्हणवेना. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. आकाराम धुतलेला सदरा घालून, टोपी घालून उंबऱ्यात उभे होते.

"किल्ली नको मागूस तिला," ते म्हणाले. "हिकडं ये. टाकी हितं हाय." त्यांनी टोपी काढली आणि कपाळ पुढं केलं. "हितं लाव. गाडीत न्हाय."

तानाबाई जागच्या जागी गोठली. सगळं कळलंय हे तिला कळलं. ती उंबऱ्यापाशी आली, पदराखालची मूठ उघडली, आणि अर्धा गुलाल उंबऱ्यावरच सांडला. "मला वाटलं..." ती म्हणाली, "देव संगट असला म्हंजे..." 

तिचा अंगठा कपाळापाशी आला, तसा आकारामांनी तो धरला.

"थांब. माझ्या आधी हिला लाव," ते सुनेकडं बघून म्हणाले. "गाडी ही ओढतीया."

तानाबाईनं सुनेच्या कपाळाला गुलाल लावला. लावून झाल्यावरही तिचा हात तिथंच राहिला, गालावर.  वर्षाराणीनं चुलीतली लाकडं मागं ओढली, हात धुतले आणि सासऱ्यांना धरून गाडीत बसवलं.

पहिल्या किल्लीला इंजिन लागलं. चारही सिलिंडर एकसारखे बोलत होते. दमणूक होती तशीच होती. आज शुक्रवार, परवा नाही तर तेरवा सोमवार. ती गाडी गावाबाहेर काढेपर्यंत मागून आकाराम म्हणाले, "पोरी, सोमवारी जरा उशिरानं निघू. तुझी झोप हुत न्हाय."

"व्हय मामा," ती म्हणाली आणि गिअर टाकला.