जाते म्हणू नये

"दाबा की आता. सुट्टी झाली," विश्वंभर म्हणाला.

शेडच्या दारात बाया फोन हातात धरून उभ्या होत्या. पडद्याच्या तळाला एक बटण होतं आणि त्यावर 'जा' असं लिहिलेलं होतं. ते दाबलं की कामाचा दिवस संपला, अशी नोंद व्हायची. पण कोणी दाबेना.

"तुमीच दाबा आधी," ज्योती म्हणाली. "मुकादम तुमी हाव."

"मी सगळ्यात शेवटी निघतो."

"मंग आमी बी सगळ्यात शेवटीच दाबू."

बाया हसल्या, फोन कमरेला खोचले आणि वाटेला लागल्या. निघताना एकेक जण "येते बरं का, भाऊ" म्हणत गेली आणि तो "या" म्हणत राहिला. बाया घरी गेल्या तरी त्यांच्या नावापुढचे हिरवे ठिपके मात्र शेडमध्येच जळत राहिले.

हट्टा गावाजवळच्या त्या शेतकरी कंपनीत हळद यायची. हळकुंडं पॉलिश करायची, निवडायची, पोत्यात भरायची, असं काम. दसऱ्यानंतर नांदेडच्या मोठ्या ऑफिसानं सगळ्यांच्या फोनमध्ये एक ॲप टाकलं. त्याचं नाव 'मेळ'. कोण आलं, कोणी कोणतं काम धरलं, माल कुठं निघाला, हे सगळ्यांनी सगळ्यांना त्यात कळवायचं. मॅनेजर शिवशंकर तरुण होता, स्वभावानं बरा होता. तो विश्वंभरला म्हणाला, "माझं कोणी ऐकत नाही. तुमचं ऐकतात. तुम्ही शिकवा."

विश्वंभरनं शिकवायला घेतलं. पहिली तकलीफ अंगठ्याची. हळदीनं माखलेला अंगठा फोन ओळखेना.

"मपला अंगठा सरकारला चालते," जनकाबाई म्हणाली, "अन् ह्या डबड्याला चालत न्हाई व्हय?"

शेवटी अंगठा पदराला पुसून फोन उघडायची सवय झाली. वाचणं जमलं. लिहायचं मात्र कोणी नाव काढेना. विश्वंभर रोज सांगायचा, "नुसतं वाचू नका, चार अक्षरं लिहा." बाया म्हणायच्या, "समोर तर उभ्या हावोत. लिहायचं काय?"

बटणाचं मात्र पहिल्याच संध्याकाळी बिनसलं होतं. जनकाबाईनं ते दाबलं.

सगळ्यांचे फोन एकदम वाजले. पडद्यावर आलं: जनकाबाई गेल्या.

तिचा मुलगा रत्नपाल कंपनीचाच टेम्पो चालवायचा. तो तेव्हा कनेरगाव नाक्यावर एका ढाब्यात चहा घेत बसला होता. त्याच्याही फोनवर तेच आलं. त्यानं विश्वंभरला फोन लावला, पण त्याला धड बोलता येईना. "भाऊ, माय... कवा गेली? काय झालं तिला?"

जनकाबाई समोरच चपला झटकत होती. तिनं फोन हिसकून घेतला. "आरं मुडद्या, मी हितंच हाय. चहा पी अन् गाडी नीट हाक."

शेड पोट धरून हसली. विश्वंभरही हसला. पण दुसऱ्या दिवसापासून त्या बटणाला कोणी हात लावेना.

"घरातून निघताना कोणी जाते म्हणते का?" जनकाबाई म्हणाली. "येते म्हणावं मानसानं. अन् ह्ये म्हणते, गेल्या. आपल्या हातानं आपलंच गेल्या काहून लिहायचं?"

विश्वंभरचं दुखणं तर त्याच पडद्यावर, वरच्या बाजूला होतं.

नावं भरताना नांदेडवाल्यांनी गुढीपाडव्याची जुनी यादी घेतली होती. तेव्हा संगिता होती. विश्वंभरची बायको. निवडायच्या टेबलावर ज्योतीच्या शेजारी बसायची. वैशाखात ताप आला आणि ती चार दिवसांत गेली. तिचं नाव यादीत तसंच राहिलं. रोज सकाळी सगळ्यांची नावं हिरवी झाली की वर एक लाल ओळ यायची: संगिता अजून आल्या नाहीत.

विश्वंभर ती ओळ रोज वाचायचा. वाईट वाटायचं. पण ती आली नसती तर चुकल्यासारखंही वाटलं असतं. अजून आल्या नाहीत, म्हणजे यायच्या आहेत.

नांदेडला नेताना दवाखान्याच्या गाडीत बसता बसता संगिता गल्लीतल्या बायांना "येते ग" म्हणाली होती. विश्वंभर तिच्या शेजारीच बसलेला होता. सोबत निघालेल्या माणसाला येते कशाला म्हणायचं? त्यामुळं त्याला ती काही म्हणाली नाही. मग तिकडं बोलणंच बंद झालं.

शिवशंकरनं एके दिवशी त्याला केबिनमध्ये बोलावलं. बराच वेळ तो टेबलावरचा पेन इकडून तिकडं करत राहिला.

"भाऊ, रोज लाल ओळ येते. वरून विचारतात, ही बाई कामावर का येत नाही म्हणून. मी काढू का नाव?"

"नको साहेब. मी करतो."

"अन् ते बटण? ठिपके रातभर जळून राहिलेत. नांदेडवाल्यांना वाटते, आपल्याकडं बाया रातपाळी करतात."

"त्यांचा नंबर द्या. मी बोलतो."

ॲप बनवणारी मुलगी पुनम नावाची होती. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं, पण अडचण तिच्या ध्यानात येईना. "काका, 'जा' हा शब्द चुकीचा आहे का?"

"चुकीचा न्हाई. तुमचं गाव कोणतं, माय?"

"डोंगरकडा."

"मंग घरून नांदेडला निघताना आईला काय म्हणता?"

पुनम हसली. "येते म्हणते. जाते म्हटलं तर आई बोलणंच सोडील."

"तेवढंच लिहा."

दोन दिवसांत बटण बदललं. संध्याकाळी सगळ्यांनी ते हौसेनं दाबलं. फोन वाजत राहिले. जनकाबाई येते म्हणाल्या. ज्योती येते म्हणाल्या. रत्नपाल येतो म्हणाले.

"रत्नपाल, आता तरी रडू नको," ज्योती त्याला म्हणाली.

"वयनी, तुमी ह्ये जन्मभर काढता आता," असं म्हणून तो टेम्पोत जाऊन बसला.

सगळे गेल्यावर विश्वंभरनं त्या लाल नावावर बोट ठेवलं. फोननं विचारलं, 'संगिता यांना काढून टाकायचं?' त्याच्याखाली बारीक अक्षरात, सगळ्यांना काय दिसेल ते लिहिलेलं होतं: विश्वंभर यांनी संगिता यांना काढलं.

त्यानं 'राहू द्या' दाबलं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं.

तिचा फोन घरी फडताळात होता, ती ठेवायची तसाच पिशवीत. नंबर त्यानं बंद होऊ दिला नव्हता. का, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्यानं फोन चार्जिंगला लावला. काच उजळली. काचेच्या कडेला तिच्या बोटांची हळद बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी तो फोन घेऊन शेडमध्ये आला. संध्याकाळी पॉलिशचा ड्रम बंद झाला, तेव्हा तो पोत्यांच्या थप्पीजवळ उभा राहिला. तिच्या फोनात ॲप घेतलं. तिच्या नंबरवर ओटीपीचे आकडे आले, ते घातले. मग 'आले' दाबलं.

सगळे फोन वाजले. संगिता आल्या.

ज्योतीच्या हातातलं हळकुंड तसंच राहिलं. शिवशंकर फोन घेऊन केबिनच्या दारात आला. सगळ्यांनी विश्वंभरकडं पाहिलं. त्याच्या दोन्ही हातांत दोन फोन होते.

नाव हिरवं झालं होतं. ज्योतीच्या नावाच्या लगेच खाली होतं. टेबलावर ती बसायची तशीच. त्यानं ते तसंच राहू दिलं. बाया उठल्या नाहीत. घरी जायची वेळ झाली होती, तरी उठल्या नाहीत.

मग त्यानं 'येते' दाबलं.

संगिता येते म्हणाल्या.

त्याच्या फोनवर ते आलं. त्यानं वाचलं. परत वाचलं.

जनकाबाईनं अंगठा पदराला पुसला. रात्रीच्या साक्षरता वर्गात ती म्हातारपणी अक्षरं शिकली होती. एकेक अक्षर शोधत तिला वेळ लागला. मेळमध्ये तिनं लिहिलेलं ते पहिलंच. 'या.'

त्याखाली ज्योतीचं आलं. 'या.' मग पलीकडच्या टेबलावरच्या बायांचं. शिवशंकरचं. रस्त्यात कुठंतरी गाडी बाजूला घेऊन रत्नपालनं लिहिलं, 'या वयनी.'

एवढ्या दिवसांत चार अक्षरं न लिहिणारी शेड लिहीत होती आणि विश्वंभर नुसता वाचत होता. बायकोला या म्हणत नसतात. सगळ्यांच्या खाली त्यानं लिहिलं, 'ये.'

तिचा फोन बंद करून त्यानं खिशातून रुमाल काढला. काच मधोमध पुसली. कडेची हळद तशीच ठेवली.