तेविसाव्या ओळीतली बाई

अमरावतीतल्या त्या सेवाभावी संस्थेच्या कार्यालयात तीन टेबलं, एक कूलर आणि एक यादी होती. टेबलं जुनी, कूलर त्याहून जुना, यादी मात्र नव्या जमान्याची. ती ऑनलाइन होती, आणि एकाच वेळी चार मोबाइलवर नि दोन संगणकांवर उघडी असायची. ज्यांच्या किडन्या निकामी झाल्या आहेत आणि ज्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी शहरात यावंच लागतं, अशा आसपासच्या गावांतल्या चौतीस माणसांची नावं तिच्यात होती. कोण कुठल्या गावचं, कोणत्या वारी येतं, कोणत्या गाडीत बसतं, सरकारी योजनेची कागदपत्रं झाली की नाही, सगळं त्या एका तक्त्यात. संस्थेच्या गाड्या त्या यादीवर चालायच्या. डायलिसिस सेंटरमधला तंत्रज्ञ संघपाल त्याच यादीवर बेड लावायचा. कोणी काही दिवस बाहेरगावी गेलं की त्याचं नाव तेवढ्यापुरतं काढून टाकायचं, अशी पद्धत होती. नाव आहे म्हणजे माणूस येणार, नाही म्हणजे नाही. इतका विश्वास आपण सख्ख्या भावावरही ठेवत नाही.

यादी सांभाळायची गीतांजली. वरूडची मुलगी, घरी संत्र्याची बाग, हात चपळ आणि काम चोख. खोड एकच, आणि खरं सांगायचं तर ती खोड तुमच्या-आमच्या प्रत्येक कार्यालयात आहे. आपल्याला हव्या तेवढ्याच ओळी पाहायच्या असल्या की ती त्या सामाईक तक्त्यावरच फिल्टर लावायची. नको त्या ओळी दिसेनाशा व्हायच्या, काम उरकायचं, आणि ती तशीच उठून जायची. आपल्या पडद्यावर आपण काय पाहतो त्याचा दुसऱ्याशी काय संबंध, असं तिला मनापासून वाटे.

संबंध आहे, हे तिला एक माणूस सांगत आला होता. वामनराव. एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून आयुष्य गेलेलं, आता दर बुधवारी आणि शुक्रवारी संस्थेत विनामोबदला येऊन बसायचे. संगणक ते साठीनंतर शिकले होते, म्हणून एकेक गोष्ट समजून घेतल्याशिवाय बटणाला हात लावत नसत.

मार्चमधल्या एका शुक्रवारी दुपारी योजनेच्या कार्यालयातून फोन आला. ज्यांची कागदपत्रं पूर्ण आहेत त्यांचीच नावं चारच्या आत पाठवा. गीतांजलीने कागदपत्रांच्या रकान्यावर फिल्टर लावला आणि 'बाकी' या शब्दासमोरची खूण काढली. चौतीसची यादी तेहतीसची झाली. तिने ती उतरवून घेतली, पाठवली आणि पर्स उचलली. वरूडची बस गाठायची होती.

"गीतांजली, फिल्टर काढजो बरं," वामनराव चष्म्यातून पाहत म्हणाले. "ते सगळ्यायले तसंच दिसते."

"हो काका. माझ्यापुरताच लावलाय."

"तुह्यापुरता लावाचं बटन येगळं आहे. फिल्टर व्ह्यू म्हनतेत त्याले. दाखवतो मी तुले."

"बुधवारी दाखवा ना काका. बस चुकेल माझी."

ती गेली. वामनरावांनाही तेवढ्यात गाडीच्या टायरचा फोन आला आणि ते बाहेर गेले. दिसत नव्हती ती ओळ एकच होती. तिच्यात लिहिलं होतं: वच्छला देवीदास होले, वलगाव, मंगळवार आणि शनिवार. रेशन कार्ड अकोल्याला लेकीच्या घरी राहून गेल्यामुळे चौतीसांत फक्त तिचेच कागद अपुरे होते.

शनिवारी सकाळी सातला वच्छलाकाकू वलगावच्या फाट्यावर येऊन उभ्या राहिल्या. वांगी-पालक पिकवून विकणारं त्यांचं घर. देवीदास पहाटेच भाजी घेऊन बाजारात गेलेले. काकूंच्या पिशवीत चादर, फाइल आणि डबा. भाजीच्या कॅरेटांच्या आडोशाला त्या सावलीत उभ्या होत्या, कारण आताशा ऊन सोसत नव्हतं. संस्थेची गाडी लांबून येताना दिसली. त्यांनी पिशवी उचलली. गाडी जवळ आली, आणि वेग कमी न करता समोरून निघून गेली.

ड्रायव्हर धर्मेंद्रचा यात दोष काय? निघण्याआधी त्याने मोबाइलवर यादी पाहिली होती. वलगाव नव्हतंच. जानेवारीत वच्छलाकाकू पंधरा दिवस अकोल्याला लेकीकडे राहून तिथेच डायलिसिस घेत होत्या, तेव्हाही त्यांचं नाव असंच काढलं होतं. आताही गेल्या असतील, असं त्याने धरलं. सेंटरमध्ये संघपालने विचारलं, "होले काकू दिसत नाहीत आज?" तर धर्मेंद्र म्हणाला, "अकोल्याले गेल्या असन. लिस्टमंदी नाव नाई." संघपालने स्वतःच्या मोबाइलवर पाहिलं. खरंच नव्हतं. दोन माणसांनी खात्री केली, आणि दोघांनी एकाच चुकीकडे पाहून केली. काकूंचा बेड दुसऱ्याला मिळाला.

काकू फाट्यावर नऊपर्यंत उभ्या होत्या. मग पायी घरी गेल्या. त्यांनी फोन केला नाही.

रविवार गेला. सोमवारी गीतांजली वरूडहून आली, संत्र्याची पिशवी टेबलावर ठेवली, यादी उघडली, आपली वरूडकडची नावं पाहिली. ती सगळी जागेवर होती. यादी नेहमीसारखी भरगच्च आणि नीटनेटकी दिसत होती. गडबड झालेली यादी अशीच दिसते, हे आपल्याला कोणी शिकवत नाही. फाटलेला कागद फाटलेला दिसतो. ही यादी फाटत नाही, ती उणी होऊनही पुरी दिसते.

तिकडे वलगावात काकूंचे पाय सुजले. चपलेचा पट्टा बसेना. देवीदास म्हणाले, "गाडी काहून नाई आली व? फोन लावू का त्यायले?" काकू म्हणाल्या, "राहू द्या. मंगळवारी येईन गाडी." मंगळवारी त्या पुन्हा फाट्यावर गेल्या. या वेळी दगडावर बसून राहिल्या, कारण उभं राहवत नव्हतं. गाडी पुन्हा समोरून गेली. घरी आल्यावर त्यांना आडवं पडवेना. पडलं की दम लागायचा. त्या भिंतीला टेकून बसल्या ते बसूनच राहिल्या.

बुधवारी सकाळी वामनराव कार्यालयात आले. आल्या आल्या यादी उघडायची आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचायची, ही त्यांची सवय. गीतांजली तिला मनातल्या मनात हसायची. बोट एका जागी थांबलं.

"बाई, इकडे ये जरा. डाव्या हाताचे हे नंबर पाह्य. बावीसच्या खाली चोवीस काहून आहे?"

"तेविसावी ओळ डिलीट झाली असेल काका. कोणीतरी बाहेरगावी गेलं असेल."

"नाई. ओळ पुसली तं खालचे नंबर वर सरकतेत. चोवीसचा तेवीस झाला असता. हा सरकला नाई." वामनरावांनी चष्मा काढला. "म्हंजे ओळ हाय तिथंच आहे. कोनं तरी झाकली आहे."

गीतांजलीने पडद्याकडे वाकून पाहिलं. रकान्याच्या डोक्यावरची फिल्टरची छोटी खूण तिला आता दिसली. पाच दिवस ती तिथेच होती. तिने फिल्टर काढला आणि बावीस नि चोवीसच्या मध्ये एक नाव उगवलं.

तिने धर्मेंद्रला फोन लावला. "होले काकूंना शेवटचं कधी आणलं?"

"मागच्या मंगळवारी, ताई. काकू अकोल्याले आहेत ना?"

"कोणी सांगितलं तुला?"

 मग धर्मेंद्र हळूच म्हणाला, "कोनंच नाई सांगतलं. नाव नोतं म्हून..."

आठ दिवस! ज्या बाईचं डायलिसिस चार दिवसांच्या वर एक दिवसही लांबू द्यायचं नाही, तिला आठ दिवस झाले होते. गीतांजलीने काकूंच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग धर्मेंद्र गाडी घेऊन आला आणि तिघं निघाले. वलगाव काही लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता संपेना. फाटा आला तशी धर्मेंद्रने गाडी आपसूक हळू केली, आणि आपण दोनदा इथून कसे गेलो हे त्याला आठवलं.

काकू भिंतीला टेकून बसलेल्या होत्या. चेहरा ओळखू येत नव्हता इतका सुजलेला. देवीदास शेजारी, हातात पुठ्ठा घेऊन वारा घालत होते. "सकाळपासून बोलूनच नाई राहिली," एवढंच ते म्हणाले. चादरीच्या झोळीत घालून त्यांना गाडीत घेतलं. अमरावतीत अतिदक्षता विभागाचं दार त्यांच्यामागे बंद झालं आणि बाहेरच्या बाकावर सगळे बसले. तासाभराने संघपाल बाहेर आला. त्याने गीतांजलीकडे पाहिलं नाही. वामनरावांना म्हणाला, "पोटॅशियम भयंकर वाढलंय, काका. हृदय कधीही थांबलं असतं. अजून सांगता येत नाही."

गीतांजली रडू लागली. "मी एक खूण काढली होती फक्त. काही पुसलं नव्हतं मी."

वामनरावांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "डेपोत आमचा एक फळा होता. सगळ्या गाड्यायचे टाइम त्याच्यावर. ज्याले धारणीची गाडी पाहाची, तो काय करे? धारणीची ओळ पाहे अन् जाये. बाकीच्या ओळींवर रुमाल टाकून नोता जात कोनी. अन् टाकलाच असता, तं मागं उभ्या मानसाले वाटलं असतं का आपली गाडीच नाई."

"मला वाटलं, माझ्यापुरतंच आहे."

"तेच तं. आपल्यापुरतं वाटते अन् सगळ्यायवर पडते. वाईट मनात नोतं तुह्या, मले मालूम आहे. पन त्या बाईचं शरीर तुहं मन पाहून थांबनार नोतं."

दोन दिवस असेच गेले. शुक्रवारी काकूंनी डोळे नीट उघडले. सूज उतरू लागली होती. डॉक्टर म्हणाले, या वेळी वाचल्या. हृदयावर ताण राहिला आहे, यापुढे एक डायलिसिस चुकलं तरी चालणार नाही.

गीतांजली आत गेली. माफी मागायची म्हणून रात्रभर वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरली. "काकू, तुमचं नाव माझ्यामुळे दिसत नव्हतं. चूक माझी आहे. पण तुम्ही एक फोन काहून नाही केला?"

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. उलट त्याच ओशाळल्यासारख्या झाल्या.

"कागद राहिला होता ना माहा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "रेशन कार्ड. तुमी दोनदा मांगतलं, मी नाई आनू शकली. गाडी समोरून गेली तं मले वाटलं, माहं नाव काटलं तुमी. फुकटात करून राहिले एवढं. मंग कोन्या तोंडानं फोन करू? मंगळवारी पुन्हा जाऊन पाह्यलं. तवाबी थांबली नाई. म्हनलं, आपलाच गुन्हा आहे."

गीतांजली खाटेच्या कडेला बसली. तिने काकूंचा सुयांनी काळानिळा झालेला हात धरला आणि तशीच बसून राहिली.

सोमवारी तिने सगळ्यांना एकत्र बोलावलं. झालेलं सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं, काही लपवलं नाही. मग पडद्यावर दाखवलं. यादी चाळायची तर वरच्या 'डेटा' मेनूतून फिल्टर व्ह्यू घ्यायचा. आपल्या ओळी आपल्याला दिसतात, बाकीच्यांची यादी जशीच्या तशी राहते. साधा फिल्टर सामाईक यादीवर कोणी लावायचा नाही. आणि ज्याचं नाव दिसणार नाही, त्याच्या घरी त्याच दिवशी फोन गेलाच पाहिजे, मग तो अकोल्याला असो की धारणीला. धर्मेंद्रने तर यादीत नाव असो-नसो, वलगावच्या फाट्यावर गाडी थांबवून इकडे-तिकडे पाहायचा नेम धरला.

एका संस्थेचं कार्यालय शहाणं झालं. पण आज गावोगावच्या शाळांत, दवाखान्यांत, पाणीवाटपात, रेशन दुकानांत अशाच सामाईक याद्या उघड्या आहेत. कोणीतरी आपल्या सोयीसाठी एक खूण काढून जेवायला गेलं आहे. जे सगळ्यांचं आहे ते आपल्या सोयीपुरतं वाकवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पाहायचं तर आपल्यापुरतं पाहावं आणि दुसऱ्याचं दिसणं शाबूत ठेवावं, एवढीच ही शिकवण आहे. ती कठीण नाही, वेळखाऊ तर मुळीच नाही. पण ती पाळली नाही तर काय होतं तेही ध्यानात असू द्या. यादीतून झाकला गेलेला माणूस तक्रार करायला येत नाही. तो रस्त्याच्या कडेला उभा राहतो, समोरून जाणारी गाडी पाहतो, आणि आपलंच काही चुकलं असेल असं समजून घरी परत जातो.