अर्धं बोट

"बरं अम्मा, कापूस तुम्हीच धरा," दत्ताजी म्हणाले.

"मी?" देविकाने दचकून हात मागे घेतला. "काका, मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला कशाला पाहिजे? हलकं फिरवायचं, बाहेरून आंत. हे 'दुखलं' म्हणतील तिथं पेनाचा ठिपका. बस."

रविकांत स्टुलावर बसला होता. डोळ्यांवर रुमाल बांधलेला, उजवा हात टेबलावर उताणा. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात पत्र्याने त्याचं मनगट करंगळीच्या बाजूने कापलं, त्याला पाच महिने झाले होते. जखम भरली, टाके कधीच निघाले. पण शर्टाची बाही करंगळीला नुसती लागली तरी तो कळवळायचा. "आता कसलं दुखणं?" असं सुपरवायझर म्हणाला होता. त्याची बायको देविका त्याहून वाईट बोलली होती.

"कॅरमला हात बरा चालतो तुमचा! पाण्याचा भरलेला कुडम उचला म्हटलं, की लगेच दुखतो."

आज रविकांत डॉक्टरांना म्हणाला, "बोट काढूनच टाका." डॉक्टरांनी त्याला या खोलीत पाठवलं. "आधी दत्ताजींकडून नकाशा काढून आणा. मग बोलू."

चेन्नईच्या त्या सरकारी इस्पितळात दत्ताजी तेहतीस वर्षं दुखण्याचे नकाशे काढत होते. घराणं तंजावरचं, मराठी तिथलीच, जुन्या वळणाची. शिक्षण दहावी, हुद्दा मदतनीस, हत्यारं म्हणजे कापूस, नायलॉनचा धागा आणि दोन रंगांची पेनं. मोठ्या डॉक्टरांच्या निबंधांत त्यांचे नकाशे छापून येत, नाव येत नसे. कोणी विचारलंच तर म्हणत, "नकाशा बरोबर आला ना? झालं." त्यांची एकच खोड होती. रोग्याबरोबरचं जे माणूस तोंड फिरवून उभं राहील, त्याच्याच हातात ते कापूस देत.

देविका कापूस फिरवू लागली.

"दुखलं."

निळा ठिपका.

"दुखलं... आई गं!"

ठिपके मनगटापासून तळव्यावर चढले आणि करंगळीशेजारच्या बोटावर आले. तिथे ती थबकली. त्या बोटाच्या एका कडेला तो शांत होता, दुसऱ्या कडेला विव्हळत होता.

"आता लाल पेन," दत्ताजी म्हणाले. "दुसऱ्या बाजूनं या. कुठून येताय तें यांना सांगूं नका."

तिने आडवाउभा, हवा तसा कापूस फिरवला. लाल ठिपके निळ्यांना जाऊन भिडले. चुकलं तिथे फार तर तांदळाच्या दाण्याइतकं.

"काका, काहीतरी चुकतंय. यांचं हे बोट अर्धंच दुखतंय."

दत्ताजी हसले. "नाटक करणारा अख्खं बोट धरतो, अम्मा. अर्धं बोट कुणाला सुचत नाही. कापलेल्या नसेची शीव बोटाच्या मधूनच जाते. तुम्हांला ठाऊक होती? यांना होती?"

देविकाला कॅरम आठवला. स्ट्रायकर मारताना नवऱ्याची करंगळी हवेत उचललेली असायची. तिला ती ऐट वाटली होती.

रविकांतने रुमाल काढला. "पण जखम बरी झाली, मग अजून का दुखतं?"

दत्ताजी देविकाकडे वळले. "तुमच्याकडे पाण्याची लॉरी येते?"

"आली तर येते!" त्या वर्षी शहराचे सगळे तलाव आटले होते.

"गर्दींत कुणी 'लॉरी आली' म्हणून ओरडलं तर?"

"सगळ्या बायका कुडम घेऊन धावतात. त्यांचं बघून पुढच्या गल्लीतल्याही."

"लॉरी नसली तरी?"

"नसली तरी!" ती हसली.

"नसेवर बारीक दारं असतात. मिठांत असतं तें सोडियम दारांतून आंत शिरलं, की नस हाक देते. एक दार उघडलं, की शेजारचं उघडतं. यांच्या मनगटांत, कापलं तिथं, दारांची गर्दी झालीय. उगीच एखादं उघडतं, आणि डोक्यापर्यंत बोंब जाते, करंगळी जळली म्हणून."

"मग करंगळीच काढली तर?" रविकांत हट्टाने म्हणाला.

"अय्यो! ओरडणारा मनगटांत बसलाय. बोट गेलं तरी बोंब चालूच. वर नवी जखम." त्यांनी आवाज खाली आणला. "डॉक्टर गोळी देतील. ती सगळ्यांची तोंडं नाही बांधत. जें दार सारखं उघडतं, त्यालाच जास्त धरते."

"सगळं जाईल दुखणं?"

"खोटं कां सांगूं? काहींचं निम्मं जातं. निम्मं गेलं तरी शर्ट घालतां येतो."

रविकांतने आपल्या करंगळीकडे पाहिलं. मग म्हणाला, "राहू दे बोट."

दत्ताजींनी नकाशा कागदावर उतरवला. खाली 'तपासणी करणारे' या शब्दांपुढे त्यांनी देविकाचं नाव लिहिलं आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

घरी जायला पूनमल्लीची बस खच्चून भरून आली. "उळ्ळे पो, उळ्ळे पो," कंडक्टर सगळ्यांना आत रेटत होता. आत शिरल्यावर देविका नवऱ्याच्या डाव्या बाजूला उभी होती. ती वाकून त्याच्या उजवीकडे आली, त्याचा हात आपल्या आणि खिडकीच्या मध्ये घेतला आणि दोन्ही कोपरं बाहेर काढून, येणाऱ्याजाणाऱ्याचे धक्के खात उभी राहिली.