ओहोटी बघून दाखवलेलं घर

रुस्मिनीबाईंचा हात सवयीनं वर गेला आणि दरवाजाच्या चौकटीला अगदी सहज टेकला. त्यांनी तो झटकन खाली घेतला आणि डोक्यावरचा रुमाल सारखा केल्याचं नाटक केलं. मागून येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या काही लक्षात आलं नाही. घरमालकाच्या मात्र आलं. इथं वडीलधाऱ्यांना 'पाक' म्हणतात; पाक मुजियोनो चहाचे पेले घेऊन उभे होते आणि त्यांचे डोळे केविलवाणे झाले होते.

"या, आत या," ते म्हणाले. "बघा, फरशी कशी गार लागते पायाला! गेल्याच वर्षी घातली."

फरशी खरंच सुरेख होती, पांढरीशुभ्र, चकचकीत. घोडं तिथंच पेंड खात होतं. सेमारांग शहराच्या ह्या बंदराकडच्या वस्तीत समुद्राची भरती गटारांतून उलटी चढते आणि थेट घरात येते. लोक तिला 'रोब' म्हणतात. ती आली की माणसं भराव टाकून जमीन उंच करतात, वर नवी फरशी बसवतात आणि काही वर्षांनी पुन्हा तेच करतात. छप्पर बिचारं आहे तिथंच राहतं. मुजियोनोंच्या खिडक्या आता गुडघ्याशी आल्या होत्या.

घरांच्या दलालीत केस पिकलेल्या रुस्मिनीबाई ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. घर बघताना फरशीवर भाळू नका, हात वर करून चौकट किती उंच आहे ते बघा. भर पौर्णिमेला या, भरतीच्या वेळी या. मालकाशी बोलण्याआधी कोपऱ्यावरच्या टपरीत चहा प्या, तिथली बाई सगळं सांगते. बाकीचे दलाल हसत. ही बाई घरं विकते की विकू देत नाही, असं म्हणत. बाई त्यांना भीक घालत नसत.

आज मात्र त्यांनी गिऱ्हाइकांना भर ओहोटीला आणलं होतं, आणि टपरीला वळसा घालून.

कारण मुजियोनो. रुस्मिनीबाईंच्या दिवंगत नवऱ्याचा बंदरातला जोडीदार. बायको गेल्यापासून एकटा. मुलानं वर डोंगरात, सालातिगाला, बापासाठी खोली तयार ठेवली होती, पण हे घर विकल्याशिवाय म्हातारा हलेना. गुडघे गेलेले, आणि दर रोबला गाद्या, तांदूळ, टीव्ही सगळं टेबलावर चढवायचं. रुस्मिनीबाईंनी खरं सांगितल्यावर आधीची सगळी गिऱ्हाइकं चहा न पिताच पळाली होती. काल मुजियोनो हात जोडून म्हणाले होते, "रुस, ह्या वेळेला फक्त गप्प बस. एवढंच कर माझ्यासाठी."

त्या गप्प बसल्या होत्या.

गिऱ्हाईक म्हणजे कस्मुरी नावाचा लाकडाच्या कारखान्यातला कामगार, त्याची बायको वार्ती आणि त्याची आई. देमाककडून आलोय, एवढंच ते म्हणाले होते. सध्या कुठे राहता, हा बाईंचा पहिला ठरलेला प्रश्न. आज खोटेपणाच्या धास्तीत तो विचारायचाच राहून गेला.

"माझ्या मापाचं घर आहे," म्हातारी छताकडे बघत म्हणाली. "कस्मुरीला वाकावं लागेल. लागू दे. लग्नानंतर कुठे वाकलाय तो माझ्यापुढे?"

"एमाक!" कस्मुरी आईवर ओरडला. वार्ती तोंडावर हात धरून हसली.

त्या हसण्यानंच रुस्मिनीबाईंचा धीर सुटला. भली माणसं होती. सगळी पुंजी इथं ओतणार होती.

"कस्मुरी, हात वर कर बरं," त्या म्हणाल्या.

"रुस..." मुजियोनो पुटपुटले.

कस्मुरीनं हात वर केला. कोपर वाकलेलं असतानाच पंजा चौकटीला लागला.

"ह्याच दारातून ह्यांचं लग्नाचं कपाट उभं आत आलं होतं," रुस्मिनीबाई म्हणाल्या. "आता आडवं करून काढावं लागेल. छप्पर खाली आलेलं नाही बाळा, भरावानं जमीन चढलीय. महिन्यातून दोन-तीनदा भरतीचं पाणी आत येतं. मी मुद्दाम ओहोटी बघून तुम्हाला आणलं. चुकलं माझं."

मुजियोनोंनी पेले टेबलावर ठेवले आणि खुर्चीत बसकण मारली. सालातिगाची खोली त्यांच्या डोळ्यांदेखत लांब गेली.

"किती येतं?" वार्तीनं विचारलं.

"घोट्यापर्यंत," ते मान खाली घालून म्हणाले. "मोठी भरती असली की पोटरीपर्यंत."

"आणि मग?"

"मग काय, पोरी?"

"परत जातं?"

"जातं की. संध्याकाळपर्यंत ओसरतं. मागे चिखल राहतो, तो धुवावा लागतो."

वार्तीनं नवऱ्याकडे बघितलं. "जातं म्हणतात," ती हळूच म्हणाली.

"तुम्ही राहता तरी कुठे?" रुस्मिनीबाईंनी शेवटी विचारलं.

"देमाकच्या किनाऱ्याला, बु," वार्ती बाईंना मानानं म्हणाली. "मासळीच्या तळ्यांच्याही पलीकडे."

"तिकडे अजून माणसं आहेत?"

"आमच्या आळीत आम्हीच उरलोय. आमच्याकडे आलेलं पाणी परत गेलंच नाही, बु. पाण्यावर उभ्या केलेल्या फळ्यांवर राहतो. फळ्यांवर चूल, फळ्यांवर अंथरूण. नमाजसुद्धा फळ्यांवरच."

"आम्हाला वाटलं, तुम्ही भुताबिताचं काही सांगणार," कस्मुरी म्हणाला. "बु, तुम्ही घर विकायला आलात की सौदा मोडायला?"

रुस्मिनीबाईंचा जीव भांड्यात पडला. कुणाच्या तरी बुडलेल्या गावामुळे आपल्याला एवढं हायसं वाटावं, याची त्यांना लाजही वाटली, पण हायसं वाटायचं काही थांबेना.

मुजियोनोंना तर आता बोलायला बळ आलं. ते उठले आणि एकेक काढून दाखवू लागले. मोरीचं तोंड कुठल्या चिंध्यांनी बुजवायचं, कुठला कोपरा आधी भिजतो, विजेचं बटण कुठलं बंद करायचं. छप्पर न्हाणीघरात गळतं, हेही त्यांनी हौसेनं सांगितलं.

"पुरे हो पाक," रुस्मिनीबाई म्हणाल्या. "भाव करायला काहीतरी शिल्लक ठेवा."

सगळे हसले. म्हातारी तेवढी हसली नाही, म्हणून बाईंनी वळून पाहिलं. ती खिडकीखाली त्या पांढऱ्या फरशीवर आडवी झाली होती. हात पाय पसरलेले, तोंड किंचित उघडं. गाढ झोपली होती.

"थांबा, उशी आणतो," मुजियोनो लगबगीनं म्हणाले.

"नको, असू द्या," वार्ती म्हणाली. "किती वर्षांनी जमिनीला पाठ टेकलीय त्यांनी."

मग भावाची घासाघीस त्यांनी बाहेर ओट्यावर केली, दबक्या आवाजात.