अनुक्रमणिकेच्या तीन प्रती

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या या गृहस्थाला घरात सगळे ‘दिग्दर्शक’ म्हणत. ही पदवी थोरल्या बहिणीने बहाल केली होती. देताना तिच्या हसण्यात कौतुक कमी आणि मीठच जास्त होतं, पण त्याने ती प्रसादासारखी दोन्ही हातांनी घेतली. वाढदिवस असो, सहल असो, नाहीतर नुसता नळ दुरुस्त होत असो, हा कॅमेरा घेऊन हजर. मग संगणकासमोर बसून कापाकापी.

आणि त्यावर निरूपण! चष्मा न्यायला आलेल्या माणसालाही सुटका नसे. “एक प्रत घरात, एक दुकानात, एक बहिणीकडे. घराला आग लागली तरी आपला ठेवा शाबूत!” गिऱ्हाईक मान डोलवी. डोलणारच, चष्मा नवा, जमीन अजून हलत असायची.

यंदाचा चित्रपट अप्पांचा, म्हणजे वडिलांचा होता. घशाच्या ऑपरेशननंतर अप्पांचा आवाज कायमचा गेला होता. बोलायचं ते पाटीवर लिहीत. ऑपरेशनच्या आधी दिग्दर्शकाने त्यांना खिडकीपाशी बसवून लहानपणच्या गोष्टी सांगायला लावल्या होत्या. अप्पांचा आवाज आता तेवढ्या चित्रणातच उरला होता. रविवारी अप्पांना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती, आणि सगळ्या गोतावळ्यासमोर त्यांचा आवाज पुन्हा घुमणार होता. चित्रपट जवळजवळ तयार होता. शेवटी एक फूल उमलताना दाखवायचं राहिलं होतं, म्हणून सलग फाइल काही त्याने अजून बनवली नव्हती.

त्या फुलाच्या नादात खुर्ची मागे सरकली, वायर पायात अडकली आणि मूळ चित्रणाची डिस्क टेबलावरून फरशीवर आली. दुरुस्तीवाल्याने ती कानाशी धरली, आतली टकटक ऐकली आणि मान हलवली.

दिग्दर्शक चक्क हसला. घरी येऊन बायकोला म्हणाला, “याच दिवसासाठी तर तीन प्रती!”

पहिली प्रत उघडली. सगळं जागच्या जागी होतं. कुठे कापलं, कुठे जोडलं, शीर्षकाची सोनेरी अक्षरं, फुलासाठी सोडलेली रिकामी जागासुद्धा. फक्त जिथे अप्पा दिसायचे, तिथे लाल चौकोन: फाइल सापडत नाही. दुकानातली प्रत आणली. तिच्यातही तेच लाल चौकोन, तितक्याच इमानाने.

तेव्हा त्याच्या टाळक्यात उजेड पडला. तो इतकी वर्षं जपत होता ती प्रकल्पाची फाइल. कुठला तुकडा कुठून कुठपर्यंत घ्यायचा, एवढंच तिला ठाऊक. चित्र नाही, आवाज नाही. अनुक्रमणिका तीन कपाटांत कुलूपबंद, आणि ग्रंथ टेबलाच्या कडेवर!

“म्हणजे,” बायको सावकाश म्हणाली, “अप्पा कुठे बोलतात ते आहे, पण अप्पा बोलतात ते नाही?”

“अगदी सोप्या शब्दांत सांगितलंस.”

“कॅमेऱ्यातलं कार्ड?”

“पुसलं. त्यावर आता नळदुरुस्ती आहे.” मग त्याने पुस्ती जोडली, “प्रकाश फार सुंदर आलाय.”

बायको हसली नाही. त्यालाही हसू येईना. आजवर परक्यांची नजर दुरुस्त केली, आणि स्वतःच्या नाकासमोरचं दिसलं नाही. देवाचं नाव घेत तो बहिणीकडे निघाला. अप्पा तिच्याकडेच राहत. तिसरी प्रत तिथे होती. तीही अनुक्रमणिकाच असणार हे कळत होतं, तरी पाय धावत होते.

अप्पा टीव्हीसमोर आरामखुर्चीत होते, मांडीवर पाटी. दिग्दर्शक त्यांच्या पायाशी बसला आणि सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाला, “अप्पा, तुमचा आवाज मी घालवला.”

अप्पांनी त्याच्याकडे बघितलं. पाटी उचलली नाही. रिमोट उचलला.

आणि खोलीत अप्पांचा आवाज भरला. खणखणीत, मधेच खोकणारा: “...तर ती छत्री होती लाल. लाल म्हणजे कशी? आधी ज्याच्याकडून घेतली, त्याची गोष्ट सांगतो...”

“हे कुठून आलं?” दिग्दर्शक किंचाळला.

“तूच दिलंस की!” बहीण आतून आली. “म्हटलं होतं ना, तू जे कापून टाकतोस ते मला दे. रोज दुपारी ऐकतात. माझा स्वयंपाक होतो, यांची छत्री काही संपत नाही.”

टीव्हीच्या मागे पेन ड्राइव्ह खोचलेला होता. त्यावर दिग्दर्शकाच्याच वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: ‘कचरा’. आता त्याला आठवलं. कापलेले तुकडे वेगळे काढायचा कंटाळा आला, म्हणून त्याने सगळं मूळ चित्रण जसंच्या तसं त्यात ओतलं होतं. देव भोळ्याचा असतो म्हणतात, आळशाचाही असावा.

तेवढ्यात टीव्हीतल्या चित्रणात कॅमेऱ्यामागून कुणीतरी वैतागून ओरडलं, “अप्पा, मुद्द्यावर या हो!” आवाज दिग्दर्शकाचा होता.

“मुद्दा कुठे पळून जातोय?” पडद्यावरचे अप्पा शांतपणे म्हणाले. “छत्री पळाली होती, ते ऐक.”

खुर्चीतले अप्पा आवाज न करता गदागदा हसत होते. बहिणीने डोळ्यांना पदर लावला आणि ती म्हणाली, “बघतोस काय? घे उतरवून, आत्ता!”

त्याने संगणक जोडला. प्रत होऊ लागली. या वेळी मूळ पेन ड्राइव्ह काढून ठेवून त्याने प्रत उघडून बघितली. अप्पा दिसले, खोकले, छत्रीपाशी आले. मगच त्याचा जीव भांड्यात पडला. पेन ड्राइव्हवरच्या चिकटपट्टीवर नवीन नाव लिहायला त्याने पेन काढलं, तर अप्पांनी त्याचा हात धरला आणि पाटी पुढे केली.

“नाव तेच राहू दे. कचरा तू कधी हरवत नाहीस.”

रविवारी गोतावळ्याने छत्रीची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. फूल काही उमललं नाही.